एक बिघाड पाहिजे

संशोधकांना एक बिघाड हवा होता. फार मोठा नको, बेताचाच चालला असता. पण खरा हवा, आणि तो होणार हे आधी सांगता यायला हवे.

लोकांना आयुष्यात काय काय हवे असते! कुणाला बढती, कुणाला कोपऱ्यावरची सदनिका, कुणाला मुलीसाठी चांगले स्थळ. यातले काहीही मिळत नसेल तर निदान चारचौघांत बोलून दाखवता येते. पण ‘गेली चार वर्षे एकही बिघाड मिळत नाही हो’ हे दुःख सांगणार कुणाला? संशोधकांनी ते एकदा केस कापणाऱ्याला सांगितले. त्याने कात्री थांबवून आरशात त्यांच्याकडे पाहिले आणि उरलेले केस जरा घाईनेच कापले.

संशोधक ज्या संस्थेत होते तिथे ‘उपयोजित संशोधन’ चाले, म्हणजे उद्योगधंद्यांच्या उपयोगी पडेल असे संशोधन. ते कुणाच्या उपयोगी पडले की नाही हे तपासायला एक समितीही होती. संशोधकांनी चार वर्षे खपून एक डबी तयार केली होती. साबणाच्या वडीएवढी डबी. यंत्राच्या अंगाला लोहचुंबकाने चिकटवायची. मग ती त्या यंत्राची थरथर मोजणार आणि तिच्यामागची संगणक-प्रणाली त्या थरथरीवरून सांगणार, की अमुक भाग अमुक दिवसांत दगा देईल. कागदावर ती अचूक होती. चुकत होते ते एवढेच, की कागद बिघडत नाही.

संस्थेत काही बिघडत नसे असे नव्हे. फोटोकॉपीचे यंत्र आठवड्यातून दोनदा मान टाकी. संशोधकांच्या खुर्चीचे एक चाक तर ते गंभीर विषयावर बोलू लागले की हमखास निखळे. पण या गोष्टी प्रकल्पात बसत नव्हत्या. प्रकल्पात बसणारी यंत्रे नवी कोरी होती आणि बिघडण्याचे नाव घेत नव्हती. संशोधक दोन कारखान्यांतही जाऊन आले. पहिल्याने आत घेतले नाही. दुसऱ्यातल्या देखभाल विभागाच्या प्रमुखाने मात्र आत नेऊन सांगितले, “आमच्याकडे बिघाड होतच नाहीत.” हे त्याला अगदी ओरडून सांगावे लागले, कारण मागे दोन माणसे एका गिअरबॉक्सवर घण घालत होती.

आणि आता तीन महिन्यांवर समितीची बैठक आली होती. नियम साधा होता. प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रात, किमान चोवीस तास आधी वर्तवलेला आणि नंतर खरोखर घडलेला, किमान एक बिघाड. तो दाखवता आला नाही तर प्रकल्प बंद, आणि संशोधकांची बदली दस्तऐवज विभागात. तिथे इतरांच्या यंत्रांची माहितीपत्रके लिहायची. ‘सर्वप्रथम प्लग सॉकेटमध्ये घालावा’ असली वाक्ये लिहीत निवृत्त होण्याच्या कल्पनेने संशोधकांची झोप उडे.

एका रविवारी सकाळी ते दाढी करत होते, आणि खालून इमारतीचा पाण्याचा पंप सुरू झाला. गेली अकरा वर्षे तो रोज सुरू होत होता. पण माणसाचे आपल्या घराकडे लक्ष नसते, हेच खरे. आधी एक दीर्घ कण्हणे, मग घुर्र, मग दात खाल्ल्यासारखा आवाज. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून संशोधक न्हाणीघरातून बाहेर आले.

“ऐकलंस?” ते बायकोला म्हणाले. “काय आजारी आहे गं तो पंप!”

बायको एका रुग्णालयात हेडनर्स होती. तिने चहा गाळता गाळता कान दिला. “आपण राहायला आलो तेव्हापासून असाच कण्हतोय. काही होत नाही त्याला.”

“होईल,” संशोधक आशेने म्हणाले. “नक्की होईल.”

आता खरे म्हणजे डबी खिशात घालून घरी आणायची आणि पंपाला चिकटवायची, एवढेच काम होते. पण संस्थेची वस्तू फाटकाबाहेर न्यायला गेटपास लागतो, आणि गेटपास भांडार विभागाचा कारकून देतो.

“परत कधी येणार ही?” कारकुनाने विचारले.

“पंप बिघडल्यावर.”

“कधी बिघडणार?”

“तेच तर शोधून काढायचंय.”

“तारीख लिहायचा रकाना आहे, साहेब. तारीख नाही तर पास नाही.”

“अहो, ती तारीख काढण्यासाठीच डबी न्यायची आहे.”

“मग तारीख काढा आणि डबी घेऊन जा,” कारकून म्हणाला, आणि त्याने पेनाचे टोपण लावले.

संशोधकांनी शेवटी डोळे मिटून एक तारीख लिहिली. चार वर्षांत त्यांनी विज्ञानाचा आधार नसलेले भाकीत केले ते हे पहिलेच.

इमारतीची परवानगी त्याहून अवघड निघाली. त्यासाठी सभासदांची बैठक भरली. सेक्रेटरी हे गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आणि कोणत्याही गोष्टीवर शिक्का मारल्याशिवाय त्यांना ती घडली असे वाटत नसे. त्यांनी डबी हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारले, ही डबी पाणी मोजते का? मोजत असेल तर त्यांचा विरोध. चौथ्या मजल्यावरच्या विमा एजंटाला डबीतून किरण बाहेर पडतात असे वाटत होते. संशोधकांनी थरथर म्हणजे काय, लहरी म्हणजे काय, हे हातवारे करून पंचवीस मिनिटे समजावले. त्यानंतर काकूंनी पुन्हा विचारले, पाणी मोजत नाही ना?

अखेर ठराव मंजूर झाला, पण सेक्रेटरींच्या एका अटीवर. डबी जो काही इशारा देईल तो एकट्या संशोधकांना न देता सेक्रेटरींना आणि पंपाच्या फिटरलाही त्याच क्षणी मोबाइलवर गेला पाहिजे. संशोधकांनी अट हसतमुखाने मान्य केली. उलट त्यांना बरेच वाटले. साक्षीदार जितके जास्त तितके चांगले. आपण स्वतःच्या पायावर केवढा मोठा धोंडा पाडून घेतो आहोत, हे सांगणारी डबी अजून कुणी बनवलेली नाही.

फिटर हा पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. गल्लीच्या तोंडाशी त्याचे दुकान होते. डबी चिकटवली त्या दिवशी तो शेजारी उभा राहून बघत होता. “एकोणीस वर्षं झाली मला या पंपावर,” तो म्हणाला. “एक दिवस पाणी चुकलेलं नाही.” संशोधकांनी हे कौतुकाने ऐकून घेतले. त्यातला धोका त्यांच्या ध्यानात आला नाही.

नवव्या दिवशी पहिला इशारा आला. ‘कपलिंगचे रबर. अंदाजे सहा दिवस.’ संशोधक कार्यालयात होते. ते इतक्या जोरात उठले की खुर्चीचे चाक निखळून दारापर्यंत गेले. त्यांनी संस्थेतल्या आपल्या साहेबांना फोन केला, घरी फोन केला, वहीत तारीख लिहून तिच्याभोवती चौकोन काढला. सहा दिवस त्यांना धड जेवण गेले नाही. सातव्या दिवशी सकाळी पंप सुरू झाला, आणि त्याचा आवाज चक्क पूर्वीपेक्षा सुधारलेला होता.

ते तसेच फिटरच्या दुकानात गेले.

“रबर ना? बदललं की,” फिटर म्हणाला. “तुमचा मेसेज आला आणि तासाभरात काम केलं. चांगली आहे हो डबी.”

संशोधकांनी ‘छान’ म्हटले आणि दुकानाच्या पायरीवरच बसले.

दुसरा इशारा पायाच्या बोल्टचा होता. फिटरने तो आवळला. तिसरा मोटारीच्या पंख्याचा. फिटरने पंखाच बदलला. चौथ्याला मागचे बेअरिंग, पाचव्याला गळती रोखणारी ग्लँड, सहाव्याला पाणी ढकलणाऱ्या इम्पेलरची चावी. डबीने तोंड उघडायचा अवकाश, फिटर पाना घेऊन हजर. दोन महिन्यांत पंपाचे कण्हणे थांबले, घुरघुर थांबली, आणि तो असा चालू लागला की चालू आहे की बंद हे कळायला पंपघरात जावे लागे. सगळ्या इमारतीत तेवढ्या एकाच प्राण्याची तब्येत सुधारली होती. संशोधकांचे वजन मात्र चार किलोंनी घटले होते.

संस्थेच्या अहवालात ‘वर्तवलेले बिघाड’ असा एक रकाना होता आणि ‘घडलेले बिघाड’ असा दुसरा. पहिल्यात सहा. दुसऱ्यात शून्य. नियमाप्रमाणे वर्तवलेला बिघाड घडला नाही तर तो खोटा इशारा.

“सहापैकी सहा खोटे?” साहेब म्हणाले. “नुसता अंदाजाने ठोकला असतात तरी एखादा लागला असता हो.”

हे वाक्य संशोधकांना झोंबले. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळे सांगितले, आणि आपण जगातले पहिले असे ज्योतिषी आहोत, ज्यांचे भविष्य ऐकताच लोक ते खोटे पाडायला धावतात, असेही म्हणाले.

“आमच्या वॉर्डात पेशंट बरा होऊन घरी गेला, की डॉक्टर आपलं निदान चुकलं म्हणून रडत बसत नाहीत,” बायको म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. संशोधकांना हे पटायला हवे होते, पण जखमी अभिमानापुढे शहाणपणाचे काही चालत नाही.

मग त्यांनी एक चूक केली. ते फिटरकडे गेले आणि चाचरत म्हणाले, “पुढच्या वेळी इशारा आला, तर जरा... दमानं घ्याल का? म्हणजे लगेच बदलू नका. दोन-चार दिवस जाऊ द्या.”

फिटरने हातातला पाना खाली ठेवला. “म्हणजे बिघडू देऊ?”

“विज्ञानासाठी.”

“साहेब, वर चव्वेचाळीस घरं आहेत,” फिटर म्हणाला. बस, एवढेच. पण ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींकडे पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावर. संशोधकांना पंप बिघडवायचा आहे! तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी घरातली सगळी भांडी पाण्याने भरून ठेवली, अगदी फुलदाणीसुद्धा. पंपघराला कुलूप लागले. संशोधकांना डबी बघायला जायचे तर वहीत सही करून, सेक्रेटरींच्या देखत. सेक्रेटरी त्या वेळात दारात उभे राहून त्यांच्या हातांकडे बघत. जणू संशोधक शर्टाच्या बाहीत स्क्रू ड्रायव्हर लपवून आणणार होते!

सल्लेही सुरू झाले. विमा एजंट जिन्यात गाठून हळूच म्हणाला, की एक नट सैल करा, कुणाला कळतंय? काकूंनी त्याहून व्यवहारी तोडगा काढला.

“शेजारच्या इमारतीच्या पंपाला लावा की ती डबी,” त्या म्हणाल्या. “त्यांचा खुशाल बिघडू दे. आमची काही हरकत नाही.”

बैठकीला पंधरा दिवस उरले तेव्हा संशोधकांनी ते केले, जे त्यांनी करायला नको होते. त्यांनी प्रणालीतली एक ओळ बदलली. एकच ओळ. यापुढे इशारा फक्त त्यांच्या मोबाइलवर येणार होता. त्यांनी स्वतःची समजूत घातली की प्रयोगात बाहेरचा हस्तक्षेप टाळणे हा संशोधनाचा पायाच आहे. मनाला एखादी गोष्ट टोचत असली की माणूस असा शुद्ध भाषेत विचार करू लागतो.

सोमवारी सातवा इशारा आला. ‘पुढचे बेअरिंग. तीन दिवस.’ आणि समिती गुरुवारी सकाळी खुद्द पंपघरात येणार होती. चार वर्षांत नशिबाने पहिल्यांदाच घड्याळ बघून काम केले होते. हे बेअरिंग गेले की मोटार जळणार, पंप निकामी होणार, आणि नवा बसेपर्यंत इमारत चार-पाच दिवस कोरडी. पण इशारा खरा ठरणार! संशोधकांनी वहीत चौकोन काढला.

मंगळवारी संध्याकाळी ते कामावरून परतले तेव्हा पंपघराचे दार उघडे होते. आत फिटर वाकून उभा होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक पंपाला टेकवलेले, मूठ कानाला लावलेली. बेअरिंगचा आवाज ऐकायची फिटर लोकांची ही जुनी रीत. पलीकडे सेक्रेटरी कुलूप हातात घेऊन उभे होते.

“बरं झालं भेटलात,” फिटर म्हणाला. “पंधरा दिवस मेसेज नाही. डबी बंद पडली का?”

“नाही,” संशोधक म्हणाले. “चालू आहे.”

“मला पुढच्या बाजूला काहीतरी वाटतंय. खरखर आहे बारीक.” फिटरने पुन्हा कान लावला, जरा वेळ ऐकले आणि स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला. “पण तुमची डबी काही बोलत नाही म्हणजे नसणार. सहा वेळा बरोबर बोलली ती. माझंच वय झालं, कान दगा द्यायला लागलेत.”

तो निघून गेला. सेक्रेटरींनी कुलूप घातले. संशोधक जिना चढून घरी आले आणि दिवाणखान्यात तसेच बसून राहिले. त्यांना लाज वाटत होती. एकोणीस वर्षे ज्या कानांनी एक दिवस पाणी चुकू दिले नाही, त्या कानांवरचा विश्वास त्या माणसाने आपल्या डबीपायी सोडला होता, आणि डबी खरे बोलत असताना तिचे तोंड आपणच दाबून धरले होते. बुधवार त्यांनी कसा काढला हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. दोनदा त्यांनी फिटरचा नंबर काढला आणि दोनदा मोबाइल उलटा ठेवला. दस्तऐवज विभागाचे दार डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

गुरुवारी समिती आली. साहेब, दोन सदस्य, आणि अध्यक्षबाई. बाई साठीच्या पुढच्या, उमेदीची तीस वर्षे कारखान्यांत काढलेल्या. सेक्रेटरींनी इमारतीच्या कार्यालयातून चार खुर्च्या आणवल्या आणि पंपासमोर ओळीने मांडल्या. फिटर दाराशी उभा होता. काकू जिन्याच्या कठड्यावरून डोकावत होत्या. संशोधकांनी लॅपटॉप उघडला. ‘पुढचे बेअरिंग. चाळीस मिनिटे.’

“म्हणजे आमच्यासमोर बिघडणार?” साहेबांचा चेहरा उजळला. सगळे सरसावून बसले. पंप चालू होता, आणि आता ती खरखर कुणालाही ऐकू येत होती.

पाच मिनिटे गेली. दहा गेली. संशोधकांना समोरच्या खुर्च्या दिसत नव्हत्या. दारातला फिटर तेवढा दिसत होता. तो मान तिरकी करून आवाज ऐकत होता, आणि स्वतःच्याच कानावर विश्वास ठेवावा की नाही ते त्याला ठरवता येत नव्हते.

संशोधक उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पंपाचा खटका बंद केला.

“अहो, काय करताय?” साहेब ओरडले. “अजून अठ्ठावीस मिनिटं आहेत!”

संशोधक फिटरकडे वळले. “तुमचं बरोबर होतं,” ते म्हणाले. “मंगळवारी तुम्ही ऐकलंत ते खरं होतं. डबी सोमवारपासून सांगतेय. तुम्हाला जाणारे मेसेज मी बंद केले होते. तुमचे कान शाबूत आहेत.”

फिटर पुढे आला, पिशवी उघडली, आणि संशोधकांच्या हातात टॉर्च दिला. “धरा इथं,” एवढेच म्हणाला. वीस मिनिटांत बेअरिंग बाहेर आले. आतली पोलादी जाळी दोन ठिकाणी तुटली होती. फिटरने ते तळहातावर उलटे केले तशा तीन गोळ्या सुट्या होऊन घरंगळल्या आणि एक साहेबांच्या बुटापाशी जाऊन थांबली.

“पण बिघाड घडला नाही,” साहेब कळवळून म्हणाले. “सात इशारे, शून्य बिघाड.”

अध्यक्षबाईंनी वाकून ती गोळी उचलली आणि बोटांत फिरवून पाहिली. “आधीच्या सहा वेळी काय निघालं होतं?” त्यांनी संशोधकांना विचारले.

संशोधकांना माहीत नव्हते. पंप बंद पडला की नाही, एवढेच ते दर वेळी बघत आले होते. काढलेला भाग कसा होता, हे फिटरला विचारावे असे चार वर्षे संशोधन केलेल्या माणसाच्या मनातही आले नव्हते.

“मी सांगतो,” फिटर म्हणाला. त्याने कागद नाही, वही नाही, बोटांवर मोजत सांगितले. रबर निम्मे फाटलेले. बोल्टाचे आटे गेलेले. पंख्याचे पाते तडकलेले. बेअरिंग, ग्लँड, चावी. “सहाच्या सहा, डबीनं सांगितले तेच. फार तर एखादा दिवस इकडेतिकडे झाला असता.”

बाईंनी अहवाल मांडीवर घेतला. ‘घडलेले बिघाड’ या रकान्यातल्या शून्याला त्यांनी हात लावला नाही. शेजारी पट्टी न घेताच एक वाकडी रेघ ओढून नवा रकाना पाडला, त्यावर ‘टळलेले बिघाड’ असे लिहिले, खाली सात लिहिले आणि सही केली. “प्रकल्प चालू राहील,” त्या साहेबांना म्हणाल्या. “आणि पुढच्या अहवालावर या फिटरसाहेबांचीही सही पाहिजे. तुमच्या माणसाच्या एकट्याच्या सहीवर माझा विश्वास नाही.” संशोधकांना हे लागले, पण ते त्यांना मान्यही होते.

वरून हाका सुरू झाल्या. पाणी का गेलं? अर्धा तास झाला! काकू तर खाली येऊन म्हणाल्या, की आम्हाला वाटलंच होतं, यांनी शेवटी बिघडवलाच. घरात फुलदाणीपर्यंत भरून ठेवलेल्या पाण्याचा त्यांना विसर पडला होता. सेक्रेटरींनी वही काढून पंप बंद झाल्याची वेळ लिहिली.

संशोधकांनी लॅपटॉप पंपावरच ठेवला आणि बदललेली ती ओळ तिथल्या तिथे पूर्ववत केली. दुसऱ्याच क्षणी फिटरच्या खिशातला मोबाइल वाजला. मग पुन्हा वाजला. सोमवारपासून अडकून पडलेले इशारे एकामागून एक येऊ लागले. फिटरने तेलकट हात फडक्याला पुसले, चष्मा लावला आणि तुटके बेअरिंग समोर ठेवून तो ते सगळे मेसेज पहिल्यापासून शांतपणे वाचत गेला. शेवटचा वाचून झाल्यावर त्याने संशोधकांकडे पाहिले.

“आला मेसेज,” तो म्हणाला. “लगेच करतो काम.” आणि नवे बेअरिंग आणायला तो दुकानाकडे चालू लागला.